एकाच वर्गात प्रत्येकाच्या गरजेनुसार कसे शिकवावे?

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र पाठ तयार करणे कोणत्याही शिक्षकाला झेपणारे नाही आणि त्याची गरजही नसते. पाठाचे उद्दिष्ट सर्वांसाठी एकच ठेवावे. तिथवर पोहोचण्यासाठी द्यायचा आधार मात्र मुलागणिक बदलावा.

त्यासाठी मूल नेमके कोठे अडले आहे, हे आधी शोधावे लागते. नुसत्या गुणांवरून ते कळत नाही. समजा, ५२ मधून २७ वजा करायला सांगितले. एका मुलाचे उत्तर ३५ आले, दुसऱ्याचे २६. तिसऱ्याने तेच उदाहरण शाब्दिक रूपात पाहून वही कोरीच ठेवली. गुण तिघांनाही शून्य. पण पहिल्याने दोन्ही स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याला उमगलेली नाही. त्याच्यासमोर दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा. दुसऱ्याची रीत बहुधा बरोबर आहे आणि चूक मोजणीत आहे, तेव्हा त्याला सगळे पहिल्यापासून शिकवण्यात वेळ घालवू नये. तिसऱ्याला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा. तेवढ्याने उत्तर आले, तर अडचण गणिताची नसून वाचनाची आहे.

म्हणून तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे राखून एकच उदाहरण चिठ्ठीवर सोडवून घ्यावे, चुकीच्या प्रकारानुसार चिठ्ठ्या वेगळ्या कराव्यात आणि दुसऱ्या दिवशीचे गट त्यावरूनच पाडावेत. हे गट त्या कामापुरतेच असावेत. कायमच्या गटाला कितीही गोंडस नाव दिले, तरी त्याचा अर्थ मुलांना पहिल्याच दिवशी कळतो.

आधार देतानाच तो कसा काढून घ्यायचा, हेही ठरवावे. डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये अशा मदतीला इमारतीभोवतीच्या परांचीची उपमा दिली, ती याच अर्थाने समर्पक आहे. आधी पूर्ण सोडवलेले उदाहरण द्यावे, मग शेवटची पायरी रिकामी ठेवलेले, नंतर शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या ठेवलेले आणि अखेरीस केवळ प्रश्न. ज्यांना रीत आधीच येते, त्यांना या पायऱ्या अडथळाच ठरतात. अशांना चुकीचे सोडवलेले उदाहरण देऊन चूक शोधायला आणि तिचे कारण लिहायला सांगावे. लवकर काम संपवणाऱ्याला आणखी वीस तशीच उदाहरणे देणे ही शिक्षाच आहे.

मुलांची 'पाहून शिकणारी' आणि 'ऐकून शिकणारी' अशी विभागणी मात्र करू नये. या कल्पनेला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात दिसून आले. आकृती आणि बोलणे यांची सांगड सर्वांनाच उपयोगी पडते.

प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबावे. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. हा अवधी वाढवल्यावर उत्तरे अधिक दीर्घ झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

वाचनात अडखळणाऱ्या मुलाकडून विज्ञानाचे उत्तर तोंडी घ्यायला हरकत नाही, कारण तेथे वाचन तपासायचे नसते. पाठ वाचनाचाच असेल, तर मात्र उतारा वाचून दाखवू नये. तो लहान करावा, कठीण शब्द आधी फळ्यावर घ्यावेत आणि वेळ वाढवून द्यावा.