म्हातारी मांजर जेवेना, तेव्हा

आमची चिंगी १४ वर्षांची. नौपाड्यात कोळणीची हाक आली की दारात हजर. त्या दिवशी उठलीच नाही.

मांजर २४ तास उपाशी असेल तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा. दोन-तीन दिवसांत यकृतात चरबी साठू लागते. लठ्ठ मांजरीला धोका जास्त. चिंगी बशीपर्यंत यायची, हुंगायची, तोंड फिरवायची. हिरडी सुजली होती. या वयात किडनीही तपासून घ्या.

तोवर बोंबील नुसत्या पाण्यात उकडा, काटा काढा, कोमट असतानाच बोटावर धरा. वास सुटला पाहिजे, मांजर आधी नाकाने जेवतं! कांदा-लसूण नको, तोंडात कोंबणं नको. आणि आपली पॅरासिटामॉल? अर्धीसुद्धा नाही, जीव जातो.