चावी फिरवली की नुसतं 'टक'
जुन्या गाडीची चावी फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं, इंजिन ढिम्म. बघणाऱ्या प्रत्येकाचं निदान एकच: सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेला! पण 'टक' होतंय म्हणजे सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंत, करंट पोचतोय, त्यामुळे इग्निशन स्विच मी बाजूला ठेवला. बॅटरी 12.6 व्होल्ट, आणि चावी फिरवतानाही ती 12च्या खाली येईना. सेल्फ जॅम असता तर त्यानं बॅटरी पार खाली ओढली असती. म्हणजे अडथळा वाटेत कुठेतरी.

मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, म्हणजे खुंटीवरच (तिच्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. चावी फिरवायला भावाला बसवलं. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. मीटर 10च्या आसपास! म्हणजे इंजिनकडून बॅटरीकडे करंट परतायची वाट, अर्थिंगच गेलेलं.

अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढला तर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज, हिरवट थर, आणि आतल्या तारा बोटांत चुरा होऊन आल्या. जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासली, नवी जाड पट्टी आवळली. इंजिन लगेच फिरलं. सेल्फला हातही लावला नाही.