संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला निसर्ग कसा वाचायचा

बायबलच्या जुन्या करारातल्या यशया, यिर्मया, आमोस या संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, पुस्तकं वाचायला घेतली की पूर, टोळ, गंधसरू, पूर्वेचा वारा असं एकामागून एक येत राहतं आणि मी कितीतरी वर्षं ती नुसती कवितेची सजावट समजून भराभर पुढे जायचो. मग एक साधी सवय लावून घेतली आणि हीच पुस्तकं वेगळी दिसायला लागली, ती सवय इथे सांगतो.

पेन्सिल घ्या आणि क्रियापदाखाली रेघ मारा. नदी, झाड, वारा राहू द्या, आधी क्रियापद. मग विचारा, हे करतंय कोण?

यशया ८:६-८ (अध्याय ८, वचनं ६ ते ८) घ्या. शिलोहाचं पाणी यरुशलेमेत शांतपणे वाहतंय, लोकांना ते नकोसं झालंय, तर प्रभू त्यांच्यावर फरात नदीचा पूर आणणार, आणि हा पूर म्हणजे अश्शूर या त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याचा राजा हे तिथेच सांगून टाकलंय. म्हणजे नदी आपोआप फुगत नाहीये, आणणारा कोणीतरी आहे. आता अजून जवळून बघा, पाणी कुठपर्यंत येणार? गळ्यापर्यंत. डोक्यावरून नाही! इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चालून आला, ४६ तटबंदीची शहरं घेतली अशी बढाई त्याच्या स्वतःच्या लेखात आहे, पण यरुशलेम घेतलं असं तोसुद्धा म्हणत नाही, यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं एवढंच म्हणतो. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

दुसरं म्हणजे त्या देशाचा पाऊस समजून घ्या. इस्राएलात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा अगदी कोरडा. आता आमोस ४:७ वाचा, कापणीला तीन महिने असताना देवाने पाऊस आवरून धरला, म्हणजे नेमकं पीक भरायच्या वेळी, आणि एका गावावर पाडला तर शेजारच्यावर नाही. त्यात लोक पाऊस-पाण्यासाठी बआल या कनानी पर्जन्यदेवाकडे बघत होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा दुष्काळ कुठे झोंबत असेल ते कळतं. योएल या आणखी एका संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या टोळांबद्दल वाद आहेत, खरे टोळ की सैन्य, पण २:२५ मध्ये देव त्यांना ‘मी पाठवलेलं माझं सैन्य’ म्हणतो, त्यामुळे कुठलंही मत धरलं तरी पाठवणारा तोच.

यिर्मया ५:२२ वर मात्र थांबाच. समुद्र गरजतो, उसळतो, पण हद्द ओलांडत नाही, आणि हद्द कशाची घातलीय तर वाळूची. दगडी तट नाही, मुठीतून सुटणारी वाळू. लगेच पुढच्या वचनात लोकांचं मन हट्टी आणि फितूर आहे असं येतं. एवढा समुद्र ऐकतो आणि माणूस ऐकत नाही, हे दुःख ही दोन वचनं सोबत वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणूनच अध्याय संपला म्हणून थांबू नका, हे अध्यायांचे आकडे १३ व्या शतकातले आहेत, यशयाने घातलेले नाहीत. यशया १०:५ पासून ११:९ पर्यंत एका बैठकीत वाचा, जमलं तर मोठ्याने. अश्शूर तिथे आधी देवाच्या हातातली काठी आहे, मग १०:१५ मध्ये कुऱ्हाड, जी तोडणाऱ्यापुढेच फुशारकी मारायला लागते, आणि शेवटी तोच अश्शूर लबानोनच्या उंच झाडांसारखा आडवा होतो. तोडणाऱ्याने कुऱ्हाडीलाच जंगल करून तोडलं. त्या पडलेल्या झाडांवरून नजर न हलवता पुढची ओळ वाचा, इशायाच्या (दावीद राजाच्या वडिलांच्या) बुंध्याला धुमारा फुटेल.