एडिटिंगचं सॉफ्टवेअर बदललं, पण दुखणं वेगळंच निघालं

परभणीत लग्नाचे व्हिडिओ करतो. मागच्या लग्नसराईत हळदीच्या व्हिडिओत सनईचा आवाज पुढं आणि वाजवणाऱ्याचं चित्र मागं, असं व्हायला लागलं. सुरुवातीला जुळलेलं असायचं, वीस मिनिटांनी गडबड. त्यात माझ्याकडं होतं क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, एडिटिंग सॉफ्टवेअर. अर्ध्यात बंद पडायचं, तक्रार करायची कुणाकडं?

मग दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घेतली. ३८४०×२१६० (फोर-के) पर्यंत एक्सपोर्ट होतं, म्हणजे तयार व्हिडिओ काढता येतो, लग्नाच्या कामाला तेवढं भरपूर. रॅम मात्र ८ जीबीची १६ केली, त्याशिवाय जमत नव्हतं.

तरी सनई पुढंच! खरं दुखणं मोबाईलच्या फुटेजमध्ये होतं. उजेड कमी झाला की मोबाईल सेकंदाला कमी फ्रेम (चित्रं) घेतो, म्हणजे फ्रेम रेट सारखा बदलत राहतो. एडिटिंगमध्ये क्लिप जिथं ओळीनं लावतो त्या टाइमलाइनचा वेग ठरलेला, त्यामुळं आवाज हळूहळू सरकतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्लिप कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेम रेटला, सेकंदाला ३० वर काढली आणि मगच एडिटिंगला घेतली. सनई जागेवर आली. (हे आधी कळलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.)

फोर-के क्लिप अडकायच्या, म्हणून प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या हलक्या नकला, बनवल्या. कापाकापी छोट्या फाइलवर, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून. एक्सपोर्टला लावण्याआधी ‘यूज प्रॉक्सी मीडिया’ची खूण काढलेली आहे ना, तेवढं बघायचं.

जुना लॅपटॉप असेल तर मी केडेनलाइव्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर सुचवीन, तेही मोफत आहे. रंगाच्या कामाला मात्र रिझॉल्व्हच.