गाडीचा नवीन स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) आणायच्या आधी हे बघा
नेरुळ-वाशीला खाडीची दमट हवा, त्यात गाडी उघड्यावर, मग सकाळी चावी फिरवली की नुसतं टक् आणि पुढे काहीच नाही, तर लगेच स्टार्टर गेला म्हणू नका. हेडलाइट लावून सेल्फ मारा, म्हणजे चावी फिरवून गाडी चालू करायला बघा, लाइट एकदम मंद झाली किंवा भराभर टकटकटक आलं तर बहुतेक बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी पूड धरलीय, आधी ती घासून काढा. लाइट झगझगीत, बॅटरीला लावलेल्या मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि तरी एकच टक्, मग स्टार्टर किंवा सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच). खोलताना बॅटरीची मायनस वायर आधी काढायचीच, कारण स्टार्टरच्या जाड वायरीत चावी बंद असली तरी करंट असतो. आणि प्लीज, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.