ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन ठरवताना आधी रेडिएशनचं विचारा

रिपोर्ट आला की घरात सगळ्यांचं एकच, लवकरात लवकर काढून टाका. ताईच्या वेळी आम्हीपण हेच बोलत होतो. पण बहुतेक वेळा विचार करायला थोडे दिवस मिळतात, तुमच्याकडे किती आहेत ते डॉक्टरांना सरळ विचारा.

मग विचारायचं, नुसती गाठ काढून चालेल का? गाठ आणि तिच्या कडेचा थोडा चांगला भाग काढला की लम्पेक्टॉमी, पूर्ण स्तन काढला की मास्टेक्टॉमी. पूर्ण काढलं की जास्त सेफ असं आपल्याला वाटतं, पण 2002 मध्ये अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे 20 वर्षांचे निकाल आले त्यात दोन्ही ऑपरेशनवाल्या बायका सारख्याच जगल्या होत्या. फक्त लम्पेक्टॉमीनंतर बहुतेकींना रेडिएशन घ्यावं लागतं. गाठ मोठी असेल तर आधी किमो देऊन ती लहान करता येते का हेही विचारा, कधीकधी त्याने स्तन वाचतो. गाठी लांब लांब पसरलेल्या असतील तर मात्र मास्टेक्टॉमी करावी लागू शकते.

काखेचं विसरू नका. सेंटिनल नोड बायॉप्सीत काखेतल्या लिम्फ नोडपैकी (छोट्या लसीका ग्रंथी) पहिल्या एक-दोन-तीनच काढून तपासतात, सगळ्या काढल्या तर पुढे हात सुजायचा धोका बराच वाढतो.

आता रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे स्तन परत बनवणं, आणि इथेच रेडिएशनचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इम्प्लांट बसवलं आणि त्यावर रेडिएशन झालं तर त्याच्याभोवतीचं आवरण आकसून कडक होण्याची शक्यता वाढते, दुखतं, आकार बिघडतो, परत ऑपरेशन करावं लागू शकतं. म्हणून रेडिएशन नक्की असेल तर बरेच सर्जन पोटाची चामडी-चरबी घेऊन स्तन बनवायचं सुचवतात (डीप फ्लॅप म्हणतात), नाहीतर पाठीचा स्नायू वापरतात. हे ऑपरेशन बरेच तास चालतं, पोटावर वेगळी जखम होते, पण ते आपलंच मांस असतं. इम्प्लांटचं ऑपरेशन छोटं, पण ते आयुष्यभर टिकेलच असं नाही, पुढे बदलावं लागू शकतं. आणि कुठलंही केलं तरी पहिल्यासारखी जाणीव बहुतेक वेळा येत नाही, हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, ताईला त्याचं फार वाईट वाटलं.

सिगरेट, तंबाखू असेल तर लगेच बंद, फ्लॅपला रक्त कमी पडतं. टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरची हार्मोनवरची गोळी) चालू असेल तर नक्की सांगा, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात म्हणून फ्लॅपच्या आधी थांबवतात कधीकधी, पण स्वतःहून बंद करू नका.

काहीच बनवायचं नसेल तरी चालतं. ताईने शेवटी तेच केलं. फक्त सर्जनला ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगायचं की मला सपाट हवंय, मग ते जास्तीची चामडी काढून छाती नीट शिवतात, नाहीतर पुढे बनवता येईल म्हणून ती ठेवली जाऊ शकते.