आधी तोंडं बांधा, मग धूर सोडा

इंजिन कुठून तरी हवा खातंय अशी शंका आली की पूर्वी आम्ही कार्ब क्लीनरचा (कार्बोरेटर साफ करायचा, चटकन पेटणारा स्प्रे) फवारा घ्यायचो. चालू इंजिनाच्या सांध्यांवर एकेक पिचकारी मारायची, कान आवाजाकडे ठेवायचा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हलला की लीकेज तिथेच. एकदा माझ्या डोळ्यांदेखत तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर भडका उडाला. त्यानंतर या कामासाठी तो डबा मी उचललेला नाही. तेव्हापासून लीकेज शोधायचं ते स्मोक मशीननेच, म्हणजे आत धूर भरून तो कुठून बाहेर येतो ते बघायचं, आणि तेही इंजिन बंद ठेवून.

मशीनच्या आत फारसं काही नसतं. एका बंद भांड्यात शुद्ध मिनरल ऑइल असतं. तापलेल्या तारेवर किंवा ग्लो प्लगवर त्याची दाट पांढरी वाफ होते आणि हलक्या दाबाची हवा ती नळीतून पुढे ढकलते. त्यात जळकी राख नसते. नाटकात वापरतात ते धुक्याचं मशीन मात्र इथे आणू नका. त्यातल्या पाण्याचा आणि ग्लायकॉलचा ओलसर थर आत राहतो, आणि सेन्सरवर तो नको.

पण मशीनला हात लावण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारा स्कॅनर लावा. पी०१७१ हा बिघाडाचा कोड दिसला, म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, एवढ्यावर धूर सोडायला धावू नका. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, आधी आयडलला (रेस न देता) बघा, मग २५०० आरपीएमला. आयडलला शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज अधिक २० टक्के आणि रेस दिल्यावर ती ५ टक्क्यांवर आली, तर हवा चोरून आत येते आहे. कारण सरळ आहे. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, आत व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनाला एकूण हवा थोडीच लागते. त्यात फटीतून आलेली हवा म्हणजे मोठा वाटा. रेस दिली की मोजून येणारी हवा कितीतरी वाढते, चोरीची तेवढीच राहते. याच्या उलट, रेस देताना ट्रिम चढत गेली तर फ्युएल प्रेशर बघा, आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलाय का ते बघा. त्या गाडीत दिवसभर धूर सोडलात तरी हाती काही लागणार नाही. एअर फ्लो सेन्सर नसलेल्या, मॅप सेन्सरवर (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या इंजिनात आणखी वेगळं दिसतं. ट्रिम बऱ्यापैकी जागेवर असते, पण आयडल चढलेलं राहतं. चोरीची हवाही मॅप सेन्सरच्या हिशेबात येते, म्हणून इंजिन तिच्या मापाने पेट्रोल टाकत राहतं.

आता तोंडं बांधणं, म्हणजे हवेची सगळी उघडी तोंडं बुचांनी बंद करणं. माझ्या मते खरी टेस्ट हीच आहे, बाकीचं मशीन करतं. ‘धूर सोडला, काही सापडलं नाही’ असं सांगत आलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये मला कुठलंतरी तोंड अर्धवट उघडं राहिलेलं दिसलं आहे. एअर फ्लो सेन्सरकडून इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा नेणारी, नळी सोडवा आणि तिच्या तोंडात रबरी कोन घट्ट बसवा. क्लिप आवळा, बोटाने कड चाचपून बघा. धूर त्या कोनातूनच आत द्या. ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) होज काढून तिथून धूर देणं सोपं पडतं, मीही सुरुवातीला तेच करायचे. पण मग ती होज आणि तिच्या पलीकडचा बूस्टर तपासायचा राहूनच जातो. ज्या वाटेने धूर घालाल ती वाट टेस्टमधून बाहेर पडते, हे सगळ्या सिस्टिमना लागू आहे.

धूर चालू केल्यावर मशीनपासून सगळ्यात लांबचं एखादं व्हॅक्यूमचं तोंड उघडं ठेवा. आतली साधी हवा आधी निघून गेली पाहिजे. पहिल्यांदा फिकट येतो, मग दुधासारखा पांढरा येतो. तो दाट झाला की बूच लावा. हे केलं नाही तर आत हवेचा फुगा अडकून राहतो आणि नेमक्या फटीतून नुसती हवा बाहेर पडते, तुम्हाला काही दिसतच नाही. जुन्या केबलच्या थ्रॉटलमध्ये पट्टी पूर्ण बंद असेल तर ती जराशी उघडून ठेवा.

मग थांबा. पाच मिनिटं तरी. दुकानातला पंखा बंद, दार ओढलेलं. मशीनवर उभी काचेची नळी असेल तर तिच्यातल्या गोळीवर नजर ठेवा. सिस्टिम भरली आणि बंद असली तर गोळी हळूहळू तळाला येते. गोळी वर तरंगत राहिली म्हणजे धूर कुठेतरी जातो आहे, तुम्हाला दिसला नाही तरी. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरपा धरा आणि पलीकडे काळा भाग येईल असं बघा. समोरच्या झोतात बारीक धूर दिसत नाही, तिरप्या उजेडात दोऱ्याएवढी रेघही उठून दिसते. मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला आरसा घाला. तेलात यूव्ही डाय असेल तर पिवळा चष्मा लावून निळ्या टॉर्चने बघा, फटीच्या कडेला चमकणारा डाग राहतो.

सायलेन्सरमधून धूर आला म्हणून घाबरू नका. इंजिन जिथे थांबलं असेल तिथे एखाद्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असू शकतात. क्रँक जरा फिरवा किंवा टेलपाइपला बूच लावा. डिपस्टिकमधून किंवा तेलाच्या झाकणातून आला तर मात्र तिथे थांबा. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वाटेने धूर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागात, जातो, आणि एअर फ्लो सेन्सरवर चालणाऱ्या बऱ्याच इंजिनांत क्रँककेसही बंद असावी लागते. तिथली सैल रबरी कड म्हणजे मोजून न घेतलेली हवाच.

एक गाडी सांगते. पी०१७१ वारंवार येत होता. माझ्याकडे येण्याआधी तिचा ऑक्सिजन सेन्सर आणि एअर फ्लो सेन्सर दोन्ही बदलून झाले होते. मालक बिचारे पावत्यांची फाइल घेऊनच आले होते. ट्रिम आयडलला चढलेली, रेस दिल्यावर खाली. धूर सोडला, दहा मिनिटं गेली, बाहेर कुठेच काही नाही, गोळी तळाशी. टेस्ट म्हणत होती सिस्टिम ठीक आहे, आकडे म्हणत होते नाही. मी आकड्यांवर विश्वास ठेवला. धूर चालूच ठेवून एकेक होज हाताने वाकवायला लागले. इनटेकची घड्यांची रबरी नळी खालून वर उचलली आणि दोन घड्यांच्या मधल्या खाचेतून पांढरी पट्टी उलगडल्यासारखी बाहेर आली. हात सोडला की बंद. इंजिन चालू असताना ते माउंटिंगवर मागे झुकायचं आणि ती चीर उघडायची. बंद इंजिनात रबर आपोआप मिटलेलं. तेव्हापासून हात लावून हलवल्याशिवाय मी कुठलीही रबरी नळी पास करत नाही. थंड असतानाची तक्रार असेल तर टेस्टही रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड इंजिनावर करा. गॅस्केटच्या काही फटी इंजिन तापलं की मिटतात.

पेट्रोलच्या टाकीची वाफ पकडणारी इव्हॅप सिस्टिम मात्र वेगळ्या शिस्तीने तपासा. इथे धूर हवेने ढकलू नका, नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडने ढकला. टाकीतल्या वाफेत हवा भरणं आणि जवळ तापलेली तार असणं, हे एकत्र येऊच द्यायचं नाही. डब्यात ग्लो प्लग बसवून घरी बनवलेलं मशीन म्हणूनच टाकीला कधीही जोडू नका. दाबही अगदी हलका हवा, ०.५ पीएसआयच्या आत. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर साधारण ३३ सेंटिमीटर पाणी उचलेल एवढाच, तोंडाने फुंकर मारून होतो तेवढा. कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याचं प्लास्टिक आणि टाकीवरचं सील तुम्हीच फोडाल.

या सिस्टिमचा व्हेंट व्हॉल्व्ह (बाहेरच्या हवेची वाट उघडणारा-मिटणारा) साधारणपणे करंट नसताना उघडा असतो. तो आधी तसाच राहू द्या. व्हेंटमधून धूर आला म्हणजे वाट मोकळी आहे हे कळलं. मग स्कॅनरने व्हॉल्व्ह बंद करा. तरी तिथून धूर येतच राहिला तर दोष तिथेच सापडला. पी०४५५ असेल तर झाकण, सुटलेली होज असं काहीतरी मोठं शोधा. पी०४४२ म्हणजे साधारण १ मिलिमीटरचं भोक आणि पी०४५६ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं. अर्ध्या मिलिमीटरला घाई चालत नाही. टाकी रिकामी असेल तितका धूर भरायला वेळ जास्त. झाकणाचं रबर, गंजलेली फिलर नळी आणि टाकीवरच्या पंपाचं सील, या तीन जागा मी आधी बघते. धूर फिलरच्या तोंडातून दिला असेल तर झाकण वेगळं तपासा.

टर्बोच्या गाडीत पिकअप नाही, पी०२९९ (बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी) येतो, आणि हलक्या दाबाच्या धुराने काही दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. इंटरकूलरची (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) होज बूस्ट आल्यावरच सांध्यातून तोंड उघडते. त्यासाठी जास्त दाबाचं मशीन हवं, आणि दाब हळूहळू वाढवायचा, गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या पुढे नाही. क्लिपच्या समोर तोंड नेऊ नका, सुटली तर जोरात सुटते. एक्झॉस्ट सोपा. थंड इंजिन, टेलपाइपमधून धूर, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचे सांधे नीट बघायचे, कारण तिथून आत ओढलेली हवा सेन्सरला खोटं लीन दाखवते.

फट सापडली, पार्ट बदलला, की तीच टेस्ट पुन्हा पहिल्यापासून करा. एका गाडीत दोन फटी असणं काही विशेष नाही, मोठी बंद झाली की दाब लहानीकडे जातो आणि ती तेव्हा दिसते. गोळी तळाला बसली की मशीन सोडवा, इंजिन चालू करा आणि ट्रिम परत बघा. बुचं लावताना मोजून लावा. सहा लावली असतील तर बोनेट पाडण्याआधी ट्रेमध्ये सहा दिसली पाहिजेत, आणि इनटेकमधला कोन सगळ्यात आधी निघाला पाहिजे.